दुष्काळात टिकणारी झुडपं लावा

संपादक महोदय,

2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातली जास्वंद आणि कर्दळ पार वाळून गेली पण कण्हेर तशीच उभी होती, बोगनवेल तर उलट जास्तच फुलली. कण्हेरीच्या पानावर जाड मेणचट थर असतो आणि खालची छिद्रं खोल खळग्यात लपलेली, त्यामुळे पाणी कमी उडतं. विषारी असते मात्र, लहान मुलं आणि गुरं सांभाळा. तरी लोक अजून लॉनच लावतात, खूप वाईट वाटतं हो. झुडपांना रोज तांब्याभर पाणी नको, मुळं वरवरच राहतात, आठवड्यातून एकदाच भरपूर द्या आणि बुंध्याशी पालापाचोळा पसरा, प्लीज जाळू नका. आणि वाळलेल्या कर्दळीचे कंद उपटू नका, आमची पावसात परत फुटली.

– एक वाचक, लातूर