होडी आधी धुवा, मग घासा

संपादक महोदय,

होडीला दिलेला रंग वर्षभरात सुटला की खापर रंगाच्या डब्यावर फुटते. पण बहुतेक वेळा रंग चांगलाच असतो, खालची तयारी कच्ची असते. सर्रास होणारी चूक म्हणजे आधी घासणे आणि मग धुणे. घासताना मीठ, तेल, मेण ओरखड्यांत खोल बसते; नंतर कितीही धुतले तरी पुरते निघत नाही. रंगाखाली राहिलेले मीठ ओलावा खेचते आणि फोड येतात.

म्हणून आधी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवून होडी वाळवावी. मग थिनरच्या फडक्याने थोडाथोडा भाग पुसून, तो ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावा. एकाच फडक्याने पुसले तर तेलकटपणा नुसता पसरतो. शेवटी पाणी ओतून पाहावे. सलग पसरले तर ठीक. थेंब जमले तर पुन्हा पुसणे आले.

उन्हाने करड्या पडलेल्या लाकडावर चिकटपट्टी दाबून ओढा. करडी लव निघून आली तर रंगही तिच्यासकट निघेल. तिथे ८० नंबरच्या घासकागदाने (सँडपेपर), लाकडाच्या रेषेच्या दिशेने, ताजे लाकूड दिसेपर्यंत घासावे, मग १२० नंबरच्या बारीक कागदाने. घट्ट बसलेला जुना रंग काढायची गरज नाही, फक्त त्याची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी. लोखंडी काथ्या मात्र वापरू नये. त्याचे कण लाकडात अडकून गंजतात.

लाकडात १५ टक्क्यांहून जास्त ओल असताना रंग लावू नये. फळ्यांची होडी मात्र उन्हात फार तापवू नये, सांधे उघडतात. त्यांत कडक लांबी (पुट्टी) भरली तर पाण्यात फळ्या फुगल्यावर ती बाहेर ढकलली जाते. तिथे लवचिक भरणच हवे.

जुन्या रंगावर थिनरचा बोळा काही मिनिटे धरावा. रंग मऊ पडला तर त्यावर दोन घटकांचा (हार्डनर मिसळून लावायचा) रंग नको, सुरकुत्या पडतात.

तळाच्या शेवाळरोधक रंगात बहुधा तांबे असते, त्याची धूळ विषारी. तो ओलाच घासावा, तोंडाला योग्य मास्क लावून, आणि निघालेला गाळ पाण्यात जाऊ देऊ नये. हे कळकळीने सांगतो, कारण इथे निष्काळजीपणा सर्वाधिक दिसतो.

संध्याकाळी उशिरा रंग लावणेही टाळावे. ओल्या रंगावर दव पडले की चकाकी जाते.

आपला,
एक वाचक