गाडीखाली पडायचं पाणी आईच्या पायाशी : चुकीच्या निदानाबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

विषय : एसीच्या पाण्याचं चुकीचं निदान, पैसे परत मिळण्याबाबत आणि भिजलेल्या कार्पेटबाबत

महोदय,

मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. तुमच्या कंपनीची गाडी चार वर्षं वापरते आहे आणि प्रत्येक सर्व्हिसिंग तुमच्याच अधिकृत सेंटरला केलं आहे.

जूनमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचू लागलं. त्या सीटवर माझी आई बसते. तिला मधुमेह आहे, डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे, आणि दर दोन दिवसांनी ड्रेसिंगसाठी मी तिला नौपाड्यात नेते. पट्टी कोरडी राहिली पाहिजे, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दवाखान्याच्या दारात तिला उतरवताना पट्टीची कड हाताला ओली लागली. मॅट उचलून कार्पेट बोटाने दाबलं, तर पाणी वर आलं.

सेंटरमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाला, "पावसाचं पाणी आहे, मॅडम." पुढच्या काचेला सीलंट लावून ३,२०० रुपये घेतले. आधीचे दोन दिवस पाऊसच नव्हता, हे मी सांगितलं, पण जॉब कार्डवर ते लिहिलं नाही. चौथ्या दिवशी मॅट पुन्हा ओली. दुसऱ्या खेपेला सांगण्यात आलं की कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल; एस्टिमेट १८,४०० रुपये. कॉइल लीक झाली तर गॅस जातो आणि गारवा कमी होतो. माझा एसी मानपाड्याच्या सिग्नलला उभ्या गाडीतही नीट गार करत होता. पाणी स्वच्छ होतं, चिकट नव्हतं, त्याला वास नव्हता, म्हणजे ते इंजिन थंड ठेवणारं कूलंटही नव्हतं.

एसी चालू असताना दमट हवा गार कॉइलला लागून तिचं पाणी होतं. ते खालच्या ट्रेमधून रबरी नळीवाटे, म्हणजे ड्रेन पाइपवाटे, रस्त्यावर पडतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते जास्तच पडतं. सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये मी अर्धा तास एसी चालू ठेवला. गाडीखाली थेंबही नाही. तुमच्या माणसांनी दोन्ही वेळा वाकून एवढंच पाहायला हवं होतं.

शेवटी वागळे इस्टेटच्या एका एसी मेकॅनिककडे गेले. तो डाव्या बाजूने गाडीखाली शिरला, नळीचं तोंड बोटाने चाचपलं आणि वाळलेल्या मातीचा करंगळीएवढा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मे महिन्यात आम्ही गावी होतो, गाडी तीन आठवडे जागची हलली नव्हती. तेवढ्यात कुंभारीण माशीने नळीत मातीचं घर केलं होतं. गोळा निघताच नळीतून धो धो पाणी आलं. मग त्याने एअर गनने नळी साफ केली. वीस मिनिटांचं काम, २०० रुपये. त्यानंतर आतलं पाणी थांबलं आहे.

नळी तुंबली याचा दोष मी तुम्हाला देत नाही. पण ती न तपासता माझ्याकडून पैसे घेतले आणि त्याहून मोठं काम माझ्या गळ्यात मारायला निघालात, याचा मला फार संताप आहे. तेवढे दिवस आईचा पाय त्या ओलीत होता.

माझे ३,२०० रुपये परत करा. कार्पेटखालचा फोम अजून ओला आहे आणि गाडीत कुबट वास येतो; सीट काढून तो वाळवा आणि खालून जाणाऱ्या वायरिंगचे कनेक्टर तपासा, तेही विनामूल्य. ड्रेन पाइप का पाहिला नाही, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचीही माझी तयारी आहे.

सोबत दोन्ही जॉब कार्ड, बिल, एस्टिमेट आणि मातीच्या गोळ्याचा फोटो जोडला आहे.

आपली,
एक ग्राहक
कासारवडवली, ठाणे (प.)