घर सोडण्यापूर्वी एवढे तरी शिकवा

बारावीनंतर पुण्या-बेळगावला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडे लॅपटॉपपासून गादीपर्यंत सगळी खरेदी होते. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, हे मात्र कुणी दाखवत नाही. खरे तर चार-पाच संध्याकाळी पुरे आहेत.

सुरुवात गॅसपासून करावी. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली की जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण चालूही करायचे नाही आणि बंदही नाही. रेग्युलेटर बंद, दारे-खिडक्या उघड्या आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन. हे मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यावे, नुसते सांगून भागत नाही.

पावसात वीज ‘ट्रिप’ होते, म्हणजे मुख्य बोर्डावरचा स्विच आपोआप खाली पडतो, तेव्हा सगळे प्लग काढायचे, तो स्विच वर करायचा आणि एकेक प्लग परत लावायचा. जे लावताच स्विच पुन्हा पडेल ते उपकरण दोषी. ओल्या हाताने मात्र काही नाही.

स्वयंपाकात उकड्या तांदळाची पेज आणि एक डाळ आली तरी आजारपण निभते. उकड्याला सुरईपेक्षा, म्हणजे न उकडलेल्या साध्या तांदळापेक्षा, पाणी जास्त, वेळही जास्त. कपडे, झाडलोट ओघाने येतेच.

आणि हे मुलग्यांनाही शिकवा, कृपया. पंचायतीच्या सभागृहात मे महिन्यात असे वर्ग भरवायला स्वयंसहाय्य गटांना सांगता येईल. त्यांना मानधन मात्र द्यावे.

– एक पालक, म्हापसा