लकवा झालेल्याचा हात धरून ओढू नका

संपादक महोदय,

लकवा मारलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की पहिल्या आठवड्यातच घरच्यांच्या हातून एक नुकसान होते, आणि तेही मायेपोटी. त्याला उठवायला मुलगा समोर उभा राहतो आणि लुळा हात धरून ओढतो. नाहीतर दोघे जण काखेत हात घालून उचलतात. खानापूर, निपाणी, बेळगाव, सगळीकडे हेच.

खांद्याची खोबण मुळातच उथळ. हाड जागेवर राहते ते भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. लकव्यात तेच सैल पडतात आणि 60 किलोच्या माणसाचा साधारण 3 किलोचा हात नुसता लोंबत राहतो. काही आठवड्यांत खांद्याच्या टोकाखाली बोट बसेल एवढी खाच हाताला लागते. अशा खांद्याला हिसका बसला की दुखणे सुरू होते, रुग्ण व्यायामाला हात लावू देत नाही आणि खांदा आखडतो. पाय चालता होतो, हात मात्र छातीशी आवळलेला राहतो.

उठवताना धरायचे ते कमरेला. पंचा किंवा जुने लुगडे कमरेभोवती घट्ट गुंडाळावे. रुग्णाला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे घ्यावे. टाचा टेकलेल्या, पावले गुडघ्यांच्या जरा मागे. आपला गुडघा त्याच्या लुळ्या बाजूच्या गुडघ्याला समोरून टेकवावा, म्हणजे तो दुमडत नाही. मग त्याला पुढे वाकू द्यावे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेले की बूड हलके होऊन उचलते. चुकते ते नेमके इथेच: पडेल या भीतीने आपण त्याला मागे रेटून धरतो, वजन पायांवर येतच नाही आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. खुर्ची लाकडी, हातांची, 18 इंचांच्या आसपास उंच असावी. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते आणि बाजेला मधे झोळ पडतो, तिथून धडधाकट माणसालाही उठणे जड जाते. एका वेळी 8-10 वेळा, दिवसातून तीनदा असे उठ-बस केले तर पायाला याहून चांगला व्यायाम नाही.

बसल्यावर लुळा हात मांडीवरच्या उशीवर ठेवावा. लुळ्या बाजूच्या कुशीवर झोपवायला घाबरू नये. फक्त पाठीमागून तळव्याने खांद्याचा फरा (पाठीवरचे चपटे हाड) पुढे सरकवावा, खांदा अंगाखाली चेपता कामा नये. गळ्यातून हात अडकवायची झोळी उभे राहताना, चालताना ठीक. दिवसभर अडकवली तर कोपर तसेच वाकून बसते.

आढ्याला कप्पी बांधून चांगल्या हाताने लुळा हात वर ओढायचा व्यायाम अजूनही कोणी ना कोणी सुचवतो. हात वर जाताना फराही फिरावा लागतो. लकव्यात तो नीट फिरत नाही, मग मधे स्नायूंची टोके चेपतात आणि खांदा जास्तच दुखतो. रबरी चेंडू दाबण्याचेही तसेच. बोटे आधीच मिटू पाहतात, त्यांना उघडायची सवय लावायला हवी. टेबलावर तळवा टेकून पुढे सरकवणे, पेला धरून सोडणे, हे करावे. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, खांदा रगडू नये. कबुतराचे रक्त चोळण्याने काहीही होत नाही, सुधारणेचे मोलाचे दिवस तेवढे वाया जातात.

सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन महिन्यांत. नेमक्या त्याच काळात खेड्यातला रुग्ण बेळगावला येऊ शकत नाही. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेमुळे सोबतच्या बायकोला तिकीट पडत नाही, पण बसची पायरीच चढता येत नाही. म्हणजे व्यायाम करून घेणार ती घरची सून नाहीतर बायको, आणि तिच्या हाती येतो तो इंग्रजी किंवा कन्नड कागद. यात सीमावाद आणायचे कारण नाही. कन्नड पत्रकाच्या पाठीमागे चित्रांसह मराठी मजकूर छापला तरी पुरे. आपल्या ग्रामपंचायतींत अपंगांसाठी काम करणारे ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते आहेत, आशाताई आहेत; वर लिहिलेले एवढे त्यांना एका दुपारी शिकवून होते. आणि कमरेला पंचा बांधून उठवणे दवाखान्यातच, घरी सोडण्याआधी, नर्सने घरच्यांकडून एकदा करवून घ्यावे.

— फिजिओथेरपी करणारे काही वाचक, खानापूर तालुका