जुना पॉवर सप्लाय घेताना मागची पाटी वाचा

संपादक महोदय,

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि ऑनलाइन जाहिरातींत परदेशातून आलेले जुने बेंच पॉवर सप्लाय (टेबलावर ठेवून सर्किटला हवे तेवढे डीसी व्होल्टेज देणारी यंत्रे) हल्ली सहज मिळतात, आणि पदविकेचे विद्यार्थी व दुरुस्तीचे काम करणारे कारागीर ते हौसेने घेतात. जाहिरातीत ‘० ते ३० व्होल्ट, ५ अँपिअर’ असे आउटपुट ठळकपणे लिहिलेले असते. हे यंत्र कोणत्या मेन्सवर, म्हणजे भिंतीतल्या वीजपुरवठ्यावर, चालते, याचा मात्र बहुधा उल्लेखच नसतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ वीज आहे, जपानमध्ये १०० व्होल्ट आणि अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ.

प्लग पाहून काहीच कळत नाही. मागे सुटी वायर लावण्याचा जो सॉकेट असतो तो जगभर एकाच घडणीचा असल्यामुळे जपानी यंत्रालाही आपली तीन पिनांची वायर बिनतक्रार बसते. अशा वेळी ११५ व्होल्टच्या प्रायमरी वाइंडिंगवर (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सला जोडलेल्या वेटोळ्यावर) २३० व्होल्ट पडले की ट्रान्सफॉर्मरचा गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही, प्रवाह बेसुमार वाढतो, आणि फ्यूज उडाला तर नशीब समजावे, कारण आधीच्या मालकाने तिथे जाड तार बांधलेली असेल तर वाइंडिंगच जळते.

म्हणून मागची पाटी वाचावी. तिच्यावर ‘१००–२४०’ असेल, तर प्रश्न मिटला. निवडीची कळ असेल, तर ती २३० किंवा २४० वर आणून फ्यूजही पाटीवर त्या व्होल्टेजसमोर दिलेल्या अँपिअरचाच घालावा. ११५ साठीचा फ्यूज साधारण दुप्पट क्षमतेचा असतो आणि २३० वर तो पुरेसे संरक्षण देत नाही. कळ नसली तरी काही यंत्रांत आतील जोडण्या बदलून ट्रान्सफॉर्मर २३० वर घेता येतो, पण ते काम सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवून जाणकारानेच करावे. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर चालवला, तर गाभ्यातील चुंबकीय प्रवाह २० टक्क्यांनी वाढतो आणि तो गुणगुणत तापू लागतो.

‘स्टेप-डाउन लावा, चालेल,’ हा विक्रेत्यांचा सल्ला अर्धाच खरा आहे. (स्टेप-डाउन म्हणजे मेन्सचे व्होल्टेज कमी करून देणारा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर.) ११० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन घरातला पुरवठा २४५ वर गेला की सुमारे ११७ व्होल्ट देतो, आणि १०० व्होल्टच्या यंत्राला १० टक्क्यांची मुभा धरली तरी मर्यादा ११० वरच संपते. शिवाय १५० वॅट देणारा जुना लिनिअर (जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) सप्लाय मेन्समधून त्याहून बरेच जास्त घेत असल्याने स्टेप-डाउनची क्षमता आउटपुटवरून नव्हे, तर पाटीवरील इनपुटच्या आकड्यावरून ठरवावी लागते. त्यातच स्वस्त स्टेप-डाउनला दोनच पिना असतील, तर पत्र्याच्या पेटीचे अर्थिंग तुटते. माझ्या मते हा धोका यंत्र जळण्यापेक्षा गंभीर आहे.

विक्रेत्यांना विनंती एवढीच, की जाहिरातीत समोरच्या डायलइतकेच स्पष्ट छायाचित्र मागच्या पाटीचेही द्यावे, आणि पाटी निघून गेली असेल तर तसे लिहावे.

– एक वाचक, पुणे