ताई, त्या रात्रींसाठी

प्रिय ताई,

चाचणीत दोन रेघा दिसल्या त्या दिवशी मी लिथियमची, म्हणजे माझ्या बायपोलर आजारावरच्या (मूड टोकाचा वर-खाली होतो तो आजार) गोळ्यांची डबी कपाटात पार मागे ढकलली. कुणाला सांगितलं नाही. बाळाला काही होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. सहाव्या दिवशी तू आलीस, माझ्याकडे नीट पाहिलंस आणि विचारलंस, "गोळ्या चालू आहेत ना?" मला रडूच फुटलं. तू रागावली नाहीस. दुसऱ्या दिवशी मला घेऊन डॉक्टरांकडे गेलीस.

आपल्या मनाने लिथियम एकदम बंद केलं की आजार उलटण्याची भीती खूप वाढते, हे मला तिथे कळलं. व्हॅल्प्रोएट हे याच आजारावरचं दुसरं औषध चालू असतं तर गोष्ट वेगळी होती. त्या औषधाने सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग येतं, म्हणून ते गरोदरपणात टाळतातच. लिथियमनेही पहिल्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाला थोडा धोका असतो, डोस जास्त असेल तर तोही जास्त. माझे आजाराचे आधीचे झटके पाहून आम्ही कमी डोसवर ते पुन्हा सुरू केलं आणि पुढे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी करून घेतली. दुसऱ्या एखादीसाठी डॉक्टर वेगळं ठरवतील. पण ठरवायचं त्यांच्यासोबत बसून, माझ्यासारखं कपाटासमोर एकटीने नाही.

गरोदरपणात मूत्रपिंडं लिथियम भराभर बाहेर टाकतात, त्यामुळे रक्तातली पातळी घसरत जाते आणि डोस वाढवावा लागू शकतो. म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि 36व्या आठवड्यापासून दर आठवड्याला. एकही तारीख तू चुकू दिली नाहीस. बाळंतपणानंतर हीच पातळी झपाट्याने चढते, तेव्हा डोस लगेच गरोदरपणाआधीइतका करायला हवा, हे तू वहीत लाल पेनाने लिहून ठेवलं होतंस. कळा सुरू असताना तू ते पान सिस्टरांना दाखवलंस.

पण खरे आभार मानायचेत ते रात्रींचे. बायपोलर वन (तीव्र उन्मादाचे झटके येणारा प्रकार) असलेल्या बाईला बाळंतपणानंतर सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, होण्याची शक्यता पाचात एक इतकी असते, आणि बहुतेकदा ते पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतं. जागरण ही त्यातली मोठी ठिणगी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, "हिची झोप हेही औषधच आहे." ऐकलं सगळ्यांनी, अमलात आणलंस तू. लिथियम दुधात उतरतं म्हणून आम्ही बाटलीचं दूध ठरवलं होतं. त्यावरून भेटायला आलेल्यांनी मला बोल लावले, तेव्हा तू त्यांना शांतपणे दाराबाहेर नेऊन समजावलंस. रात्री दहा ते पहाटे पाच बाळ तुझ्या खोलीत. सलग चाळीस रात्री.

नवव्या दिवशी तरीही मी तीनच तास झोपले आणि थकवा म्हणून नव्हता. भराभरा बोलत होते, बाळाच्या पुढच्या वीस वर्षांचा आराखडा लिहीत होते. बाकीच्यांना वाटलं, किती उत्साही आई! तू वहीतल्या धोक्याच्या खुणा पाहिल्यास आणि सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन केलास. औषध वाढवलं, चार दिवसांत मी जमिनीवर आले. भरती व्हावं लागलं नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

हे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण अशा प्रत्येक घरात कुणीतरी रात्र उचलायला हवी, आणि ते आधीच ठरलेलं हवं.

काल ती वही पुन्हा चाळली. माझी झोप, गोळी, बाळाचं दूध, माझा मूड, सगळं तासागणिक तुझ्या अक्षरात आहे. तुझ्या झोपेचा रकाना मात्र एकाही पानावर नाही. मीही तेव्हा कधी विचारलं नाही.

बाळ आता रात्रभर झोपतं. तू ये, चार दिवस राहा. पहाटे तुला कुणी उठवणार नाही.

तुझी,
धाकटी