नाईट संपवून माझ्यासाठी थांबलेल्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितेय. पण आजीच्या बेडशेजारी स्टुलावर बसून सारखे प्रश्न विचारणारी मुलगी म्हटलं की तुम्हाला लगेच कळेल. तुम्हाला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. म्हणजे म्हटलं होतं, पण लिफ्टच्या दारात, आजीची बॅग हातात घेऊन, घाईघाईत.

तेव्हा माझ्याकडे नर्सिंगच्या तीन कॉलेजांची ऑफर लेटर होती आणि सीट कन्फर्म करायला नऊ दिवस. लोकांना वाटतं तीन ऑफर म्हणजे मजा आहे, पण मला रात्री झोप लागत नव्हती. बाबांना मोठं नाव असलेलं कॉलेज हवं होतं, मामा म्हणत होता जिथे फी कमी तिथे घे, नर्सिंग शेवटी सगळीकडे सारखंच, आणि मला स्वतःला खरं तर पहिल्या कॉलेजची बिल्डिंग फार आवडली होती, काचेची लायब्ररी, नवाकोरा स्किल लॅब, सगळं चकाचक. मी मनातल्या मनात तिथलीच झाले होते.

त्या सकाळी तुमची नाईट संपली, हँडओव्हर झाला आणि घरी जायचं सोडून तुम्ही माझ्याशेजारी बाकावर बसलात. शूज काढलेत. घोट्याच्या वर मोज्यांच्या इलॅस्टिकचा खोल वळ उठला होता, तो मला अजून दिसतो. मग मिसप्रिंट झालेला एक टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायचा कागद, पालथा घातलात, त्यावर तीन रकाने पाडलेत आणि म्हणालात, "कुठे जा ते मी सांगणार नाही. काय विचार ते सांगते."

पहिला प्रश्न मान्यतेचा. कॉलेज काय सांगतं ते बाजूला ठेव, नर्सिंग कौन्सिलच्या स्वतःच्या यादीत त्या कोर्सचं नाव आहे का आणि किती सीटना मान्यता आहे ते बघ. मी तिथेच फोनवर बघितलं. तिसरं कॉलेज, तेच कमी फीवालं, यादीत नव्हतंच. त्यांच्या माहितीपत्रकात "मान्यता प्रक्रियेत" असं बारीक अक्षरात होतं, ते मी दोनदा वाचून सोडून दिलं होतं. तुम्ही रागावला नाहीत, एवढंच म्हणालात की अख्खा कोर्स करून रजिस्ट्रेशन मिळालं नाही तर मुलगी नर्स म्हणून काम करू शकत नाही, तिने कितीही अभ्यास केलेला असू दे. त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन, कारण मामाचं ऐकून आम्ही तिथेच पैसे भरायला निघालो होतो.

मग उरली दोन. इथे तुम्ही बराच वेळ घालवलात. म्हणालात, अगं नाइटिंगेलबाईंनी १८६० साली नर्सिंगची शाळा काढली ती लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात, मुली वॉर्डातच शिकायच्या, आणि आजही हे काम वॉर्डातच शिकता येतं. मी घरी जाऊन शोधलं तर युरोपियन युनियनच्या नियमात जनरल नर्सच्या शिक्षणाला किमान ४,६०० तास लागतात आणि त्यातले निदान अर्धे क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटपाशी. अर्धं कॉलेज तर हॉस्पिटलमध्येच असतं, आणि मी बघत काय होते तर लायब्ररीच्या काचा! तुम्ही लिहून दिलेले प्रश्न सगळे त्याच अर्ध्या भागाचे होते. पोस्टिंग, म्हणजे शिकतानाची वॉर्डातली ड्युटी, कुठल्या हॉस्पिटलात, जायला किती वेळ लागतो, एका क्लिनिकल टीचरमागे किती स्टुडंट, मुलांचा वॉर्ड, बाळंतपण, मानसोपचार, कम्युनिटी हे सगळं खरंच मिळतं का फक्त टाइमटेबलवर असतं. लॅब क्लास नसताना उघडी असते का. स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षी मार्कांवर जाते का, आणि कोर्स झाल्यावर बाँड, म्हणजे तिथेच नोकरी करायची अट, आहे का, किती वर्षांचा, तोडला तर काय.

रिझल्टबद्दल जे म्हणालात ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. शंभर टक्के पास ऐकलं की लगेच विचार, पहिल्या वर्षाला किती जणी होत्या आणि शेवटच्या परीक्षेला किती बसल्या. मधल्या मुली कुठे गेल्या ते विचार.

आणि खाली अंडरलाइन करून, दुसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. टीचर शेजारी नसताना. त्यांना विचार, शेवटच्या ड्युटीला काय केलंस आणि अडलं तेव्हा मागे कोण उभं होतं.

मी दोन्हीकडे जाऊन आले. काचेच्या लायब्ररीवाल्या कॉलेजात मॅनिकिन, म्हणजे प्रॅक्टिसचे पुतळे, अजून प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये होते, आणि एक मुलगी जिन्यात हळूच म्हणाली की पोस्टिंगला जायला दीड तास लागतो, तिथे आम्ही खूप जणी असतो, बहुतेक वेळ भिंतीला लागून उभ्या असतो. दुसऱ्या कॉलेजची बिल्डिंग जुनी, भिंतींचा रंग उडालेला, पण इंजेक्शनच्या प्रॅक्टिसचा पॅड टोचून टोचून चाळणीसारखा झालेला, आणि सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबायच्या सरावाच्या, मॅनिकिनची छाती मधोमध दाबून दाबून काळी पडलेली. हॉस्पिटल आवारातच. तिथल्या मुलीने मला सांगितलं की परवा तिचा हात थरथरत होता तर मॅडमनी तिच्या हातावर हात ठेवून ड्रेसिंग पूर्ण करून घेतलं. हे सांगताना तिला अजिबात लाज वाटत नव्हती. माझं तिथेच ठरलं. स्कॉलरशिप मात्र इथे कमी होती, त्यामुळे घरी दोन दिवस वाद झाले, आणि बाबांचा हिशोब चुकीचा नव्हता हे मला आजही मान्य आहे, पैसे त्यांनाच उभे करायचे होते.

त्यातही तुमचंच ऐकलं. म्हणाला होतात की फोनवर रडत बसू नकोस, कॉलेजला सरळ मेल लिही, दुसरी ऑफर किती आहे ते खरं सांग, मदत वाढू शकते का विचार आणि मुदत मागून घे, फार तर नाही म्हणतील. लिहिला. मदत थोडीशीच वाढली पण मुदत आठवडाभर मिळाली, आणि त्या आठवड्यात बाबा स्वतः माझ्याबरोबर ते जुनं कॉलेज बघायला आले. लॅबमध्ये त्या टोचलेल्या पॅडवरून त्यांनी हात फिरवला आणि काही बोलले नाहीत, घरी येऊन फॉर्म भरला. सीट सोडली तर फी किती परत मिळते आणि ओरिजिनल कागद कॉलेज ठेवून घेतं का हे लेखी घ्यायला सांगितलं होतंत, तेही घेतलं.

अजून एक राहिलं. त्या सकाळी बाकावरून उठायच्या आधी तुम्ही मला आजीचे श्वास मोजायला शिकवलंत, आठवतंय? मनगट धरायचं, नाडी बघतोय असंच वाटू द्यायचं आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, कारण मोजतायत हे कळलं की माणूस नकळत वेगळा श्वास घेतो. आजीचे अठरा आले होते. मोठ्या माणसाचे बारा ते वीस नॉर्मल, म्हणालात.

मागच्या आठवड्यात माझं पहिलं पोस्टिंग होतं. एका काकांचे अठ्ठावीस आले. ते स्वतः म्हणत होते मी बरा आहे. मला वाटलं माझंच चुकलं, परत मोजले, परत अठ्ठावीस. मागे वळून बघितलं तर मॅडम दोन पावलांवर उभ्या होत्या. त्यांनी "नक्की का" असं विचारलं नाही, स्वतः मनगट धरून मोजले आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. काकांना ऑक्सिजन लावला, संध्याकाळपर्यंत श्वास खाली आले. मी बाहेर पॅसेजमध्ये येऊन उभी राहिले तेव्हा तुमच्या त्या कागदावरची अंडरलाइन केलेली ओळ डोळ्यांसमोर होती, मागे कोण उभं होतं.

तो कागद वहीत जपून ठेवलाय. सिस्टर, अख्खी रात्र उभं राहून काढल्यावर तुम्ही माझ्यासाठी जवळजवळ दीड तास बसलात, आणि त्या रात्री परत तुमची ड्युटी होती हे मला दुसऱ्या दिवशी आजीकडून कळलं. तुम्ही झोपलात कधी, काही खाल्लंत का, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. त्यासाठी मनापासून सॉरी, आणि बाकी सगळ्यासाठी खूप खूप थँक्यू.

तुमचीच,
स्टुलावरची मुलगी